परवानगीचे राज्य : मराठवाडा, गश्ती निशान ५३ आणि रझाकारांपर्यंतचा प्रवास

हैदराबाद संस्थानात सभा घ्यायला बंदी नव्हती, परवानगी लागत असे. मराठवाड्याची पाऊण पिढी या दोहोंतल्या अंतरात अडकून पडली. बंदी असती तर ती मोडता आली असती. अर्ज मात्र कचेरीत पडून राहतो, आणि पडून राहिलेल्या अर्जाविरुद्ध सत्याग्रह करायचा कसा, हा तिथल्या कार्यकर्त्यांपुढचा खरा पेच होता.

एकाधिकारशाही शिकवताना आपण लगेच बर्लिन, रोम, मॉस्को गाठतो. मराठवाड्यातल्या शाळांत १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्मा स्मारकांना हार पडतात. पण ती राजवट रोजच्या रोज चालायची कशी आणि माणसाचे तोंड बंद करायला तिला बंदुकीची गरज एरवी का पडत नसे, हे सांगायचे राहून जाते. म्हणून या प्रकरणात आधी कागद पाहू, मग बंदूक.

चौकट

संस्थानाचे क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून अधिक आणि १९४१ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. जिल्हे १६ : तेलुगू ८, मराठी ५, कन्नड ३. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे. आजचे जालना, हिंगोली आणि लातूर तेव्हा त्यांच्याच पोटात होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. टपाल, रेल्वे, करोडगिरी म्हणजे जकात आणि नाणे हे सगळे संस्थानाचे स्वतःचे. १०० कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या, रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे संस्थानी नाणे, असा भाव चाले.

जमिनीची वाटणी लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. साधारण ६० टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारच्या थेट अमलाखालचा. ३० टक्क्यांच्या आसपास जहागिरी, आणि सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. मोठ्या जहागिरींत महसूलच नव्हे, तर पोलीस आणि न्यायही जहागीरदाराकडे असे. त्यामुळे एका गावाला लागू असलेला नियम शिवेपलीकडच्या गावात लागू असेलच असे नव्हते. दिवाणीतल्या शेतकऱ्याला निदान तालुकदाराकडे, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरकडे, दाद मागायची वाट होती. जहागिरीतल्या माणसाला गढीच्या दरवाजापुढे कुठे जायचे हे ठाऊक नसे.

कारभाराची भाषा उर्दू. ती घरी बोलणारे लोक शेकडा दहा-बारा. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण मराठी पोराला त्याने दोन उंबरे ओलांडायला लावले : आधी उर्दू, मग विषय. पाचही मराठी जिल्ह्यांत मिळून उच्च शिक्षणाची सोय काय ती औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात.

गश्ती काय करत असे

गश्ती म्हणजे खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना फिरवलेले परिपत्रक. ते कायदेमंडळात संमत होत नसे, त्यावर चर्चा नसे, कोर्टात आव्हान नसे. १९२१ च्या फर्मानाने राजकीय सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. पुढे त्याच दशकात त्यावर गश्त्यांचा थर चढत गेला. त्यात लोकांच्या तोंडी राहिली ती गश्ती निशान ५३, म्हणजे परिपत्रक क्रमांक ५३.

तिची रचना अशी : सभा भरवणाऱ्याने आधी अर्ज करायचा. सभा कशासाठी, अध्यक्ष कोण, बोलणार कोण, हे कळवायचे. अर्ज पोलीस आणि तालुकदारांकडून वर जाणार. विषय ‘राजकीय’ नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. ‘राजकीय’ म्हणजे काय, हे ठरवणे त्याच्या मर्जीवर. शेतसाऱ्यावर बोलणे राजकीय होऊ शके, मराठी शाळा मागणे राजकीय होऊ शके, बाहेरून आलेला वक्ता तर हमखास राजकीय. आखाडे, खासगी शाळा, मिरवणुका, नवी देवळे, आर्य समाजाचे हवनकुंड या सगळ्यांभोवती परवानगीचे असेच कुंपण होते.

या यंत्राचे बळ नकारात नव्हते. नकार दिला की तो कुणाला तरी दाखवता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो. उत्तर न देणे अधिकाऱ्याला सोयीचे असे. सभेची तारीख उलटून गेली की अर्ज आपोआप निरर्थक. परवानगी मिळाली, तरी अर्जात नावे देऊन माणसे पोलिसांच्या यादीत गेलेली असत. सभेत अमीन, म्हणजे फौजदार, समोर बसलेला असे, आणि भाषण विषयाबाहेर गेले असे वाटले की ते थांबवणे त्याच्या हातात होते. दोन-तीनदा असे झाले की लोक अर्जच करेनासे होतात. मग दफ्तरात दिसते ते असे : अर्ज नाहीत, नकार नाहीत, मुलूख शांत. हैदराबादचे दिवाण बाहेरच्या जगाला हीच शांतता दाखवत असत.

दुसरी गोष्ट खर्चाची. अशा राजवटीला गुप्त पोलिसांचे मोठे जाळे लागत नाही. पूर्व जर्मनीची लोकसंख्या हैदराबाद संस्थानाएवढीच, दीड कोटीच्या पुढे. तिथल्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पूर्णवेळ माणसे आणि पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे होते. निजामाला त्याच्या पासंगालाही पुरेल एवढे जाळे विणावे लागले नाही. गावात पोलीस पाटील होता, पटवारी होता, वरच्या बाजूला देशमुख किंवा जहागीरदार. कोण कुणाकडे उतरला, रात्री कुणाच्या वाड्यात दिवा उशिरापर्यंत जळत होता, हे त्यांना तसेही कळत असे. जमिनीची नोंद पटवाऱ्याच्या हातात असल्यावर शेतकरी त्याच्याशी वैर घेत नाही.

फटी

अशा कुंपणाला फटी असतातच, आणि मराठवाड्यातल्या माणसांनी त्या फार चिकाटीने शोधल्या. पहिली फट शाळेची. उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. औरंगाबादला सरस्वती भुवन, अंबाजोगाईला योगेश्वरी, सेलूला नूतन विद्यालय. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढे संस्थानातल्या चळवळीचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ, आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षकच होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना मिळाले ते शाळेतच. या शाळांत वर्गातल्या फळ्यावर राजकारण नसे. ते वसतिगृहात, प्रभातफेरीत, सहलीत आणि सुटीत गावी परतलेल्या मुलाच्या बोलण्यात असे. अशा बोलण्यासाठी अर्ज करावा लागत नव्हता.

दुसरी फट वाचनालय, गणेशोत्सवातले मेळे आणि कीर्तन. तिसरी फट हद्दीची. मराठवाड्याच्या तीन बाजूंना ब्रिटिश मुलूख : नगर-सोलापूर, खानदेश, वऱ्हाड. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते पुण्याहून. संस्थानात त्यावर बंदी आली की नाव बदलून पुन्हा अंक निघे. ३० डिसेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद भरली ती कन्नड तालुक्यात मक्रणपूरला, खानदेशच्या हद्दीला लागून. भाऊसाहेब मोरे यांनी ती भरवली होती. जागेच्या निवडीतच संस्थानी पोलिसांचा हिशेब आहे.

महाराष्ट्र परिषद ही संस्थानातल्या मराठी भाषकांची संघटना. तिच्या अधिवेशनांची ठिकाणेही नकाशावर मांडून पाहावीत. पहिली परिषद १९३७ मध्ये परतूरला, गोविंदराव नानल अध्यक्ष. दुसरी १९३८ मध्ये लातूरला. १९४१ ला उमरी, पुढे औरंगाबाद, सेलू. परतूर, सेलू, उमरी आणि औरंगाबाद ही मनमाड–काचीगुडा मार्गावरची स्थानके, लातूर बार्शी लाइट रेल्वेवर. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते बंद पडत, बैलगाडी दिवसाला जेमतेम पंधरा-वीस मैल जाई. प्रतिनिधी आले पाहिजेत आणि अध्यक्षाला वाटेत अडवले तर बातमी पुढच्या स्थानकावर गाडीआधी पोचली पाहिजे, या दोन्ही गोष्टी रेल्वेमुळेच शक्य होत्या. परिषदेच्या ठरावांत शिक्षण, शेती, नागरी हक्क अशा शब्दांची निवड जपून केलेली दिसते. जहाल तरुणांना ही भाषा मिळमिळीत वाटे, मवाळांना तीही धोक्याची वाटे. माझ्या मते परवानगीच्या राज्यात हा वाद अटळ असतो. काही टळावे म्हणून किती गिळायचे, याचे माप दोन माणसांचे कधीच एक नसते.

१९३८ : जन्माआधी बंदी

याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करायचे ठरले. ती रीतसर उभी राहण्याआधीच, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सरकारने नवा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा काढला आणि लगेच संघटना बेकायदा ठरवली. तेव्हा सर अकबर हैदरी दिवाण होते. संघटना जातीय आहे, असे कारण देण्यात आले.

इथे राजवटीने स्वतःचेच हत्यार बोथट केले. इतकी वर्षे परवानगी लांबवून जे साधले होते, ते उघड बंदीने हातचे गेले. आता मोडायला काहीतरी होते. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे सर्वाधिकारी गोविंदराव नानल. पद्धत सोपी होती : मूठभर माणसे सार्वजनिक जागी येणार, आपण स्टेट काँग्रेसचे सभासद आहोत असे जाहीर करणार आणि अटक होणार. काही दिवसांतच स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात गेले.

याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह उभा राहत होता. त्यांच्या मागण्या मुख्यतः धार्मिक होत्या. एकाच तुरुंगात, एकाच महिन्यात दोन वेगळ्या मागण्यांची माणसे गेली की सरकारला ‘बघा, हे जातीयच आहे’ म्हणायला मोकळीक मिळते. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबरला, बरोबर दोन महिन्यांनी, सत्याग्रह थांबवला. कार्यकर्त्यांत नाराजी होती. पण धोरण म्हणून तो निर्णय योग्य होता असे मला वाटते. पुढे दहा वर्षे चळवळीला जबाबदार राज्यपद्धतीची मागणी स्पष्टपणे मांडता आली, ती या वेगळेपणामुळेच.

त्याच नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हटले. बंदी आली, मुले हटली नाहीत. लोण हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात पोचले आणि तिथून सुमारे ३५० विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. त्यातले एक पी. व्ही. नरसिंह राव. एका गाण्यासाठी माणूस शिक्षणातून उठवायचा, हा निर्णय प्रशासनाच्या दृष्टीनेही आत्मघातकी होता. परवानगीची यंत्रणा भीतीवर चालते, आणि नाव कमी झालेल्या वीस वर्षांच्या मुलाला भीती दाखवायला मग काही उरत नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्याभोवती पुढे जमलेल्या तरुणांत ही पिढी ठळक दिसते.

१९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या : कायदेमंडळ, पण व्यवसायवार मतदारसंघ, आणि हिंदू-मुस्लिमांना समसमान जागा. मंत्रिमंडळ त्या कायदेमंडळाला जबाबदार नव्हते. महायुद्धात त्या सुधारणाही लांबल्या. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली जुलै १९४६ मध्ये.

हे सर्वंकष राज्य होते का?

राज्यशास्त्रात सर्वंकष सत्तेच्या खुणा म्हणून साधारण सहा गोष्टी मोजतात : सगळ्यांवर लादलेली विचारसरणी, एकच जनपक्ष, दहशतीचे पोलीस, प्रसारसाधनांवर ताबा, शस्त्रांवर ताबा, अर्थव्यवस्थेवर मध्यवर्ती ताबा. १९४६ पर्यंतच्या हैदराबादला ही फूटपट्टी लावली तर शस्त्रांवरचा ताबा पुरता लागू पडतो, प्रसारसाधनांवरचा अर्धामुर्धा. पक्ष नाही, प्रजेने जयजयकार करत मिरवणुकीत यावे असा आग्रह नाही. राज्याला प्रजेचे मन नको होते, तिचे गप्प बसणे हवे होते. म्हणून याला निरंकुश राजेशाही म्हणावे, सर्वंकष म्हणू नये. जर्मनीत २८ फेब्रुवारी १९३३ च्या हुकमाने असलेले नागरी हक्क गोठवावे लागले आणि १४ जुलैच्या कायद्याने इतर पक्ष संपवावे लागले. हैदराबादला गोठवायला हक्कच नव्हते. तिथल्या प्रजेला हरवल्याची जाणीव व्हावी असे काही कधी मिळालेच नव्हते, हे त्या राजवटीच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण आहे.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र चित्र बदलले.

परवानगीकडून भाल्याकडे

इत्तेहादुल मुसलमीन ही संस्थानातल्या मुसलमानांची संघटना १९२७ ची. बहादूर यार जंग १९३८ ते १९४४ तिचे नेते होते. राजा हा मुसलमान रयतेच्या सार्वभौमत्वाचे प्रतीक आहे, प्रत्येक मुसलमान त्या सत्तेचा वाटेकरी आहे, ही मांडणी त्यांच्या काळात रुजली. तिने राजवटीला आजवर नसलेली विचारसरणी दिली. त्यांच्यानंतर, १९४६ मध्ये, संघटना आली लातूरच्या एका वकिलाच्या हाती : कासिम रझवी. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. गणवेश, कवायत, भाले, तलवारी, ठासणीच्या बंदुका, आणि सरकारची मूक संमती.

जून १९४७ मध्ये निजामाने ब्रिटिश गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार असे फर्मान काढले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला, स्वामीजींना पुन्हा अटक झाली. २७ ऑक्टोबरला भारताशी करार करायला निघालेल्या शिष्टमंडळातल्या सदस्यांच्या घरांना रझाकारांच्या जमावाने वेढा घातला आणि ते दिल्लीला निघू शकले नाही. या दिवसाकडे नीट पाहावे. निजामाच्या स्वतःच्या शिष्टमंडळाला आता प्रवासासाठी रस्त्यावरच्या जमावाची परवानगी लागत होती. दिवाण छत्तारीचे नवाब गेले, मीर लायक अली आले. २९ नोव्हेंबरला एक वर्षाचा जैसे थे करार झाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात संस्थानाने भारतीय चलनातले व्यवहार बंद करण्याचा वटहुकूम काढला. लातूर-नांदेडच्या मोंढ्यांतला कापूस आणि भुईमूग मुंबईकडे जाई, त्याचे पैसे कलदारात येत. अडत्यांची कोंडी झाली.

चळवळीनेही आता राजवटीच्या नाड्या कुठे आहेत ते ओळखले होते. शिंदीची झाडे तोडायची, कारण आबकारी हे सरकारचे मोठे उत्पन्न. करोडगिरीची नाकी मोडायची. धान्याची लेव्ही द्यायची नाही. पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे द्यायचे, वकिलांनी कोर्ट सोडायचे. पटवाऱ्याचे दफ्तर जळाले की गावातला सरकारचा डोळाच जातो. हद्दीबाहेर सोलापूर, बार्शी, उमरखेड अशा ठिकाणी सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या स्टेट बँकेवर हल्ला झाला आणि ती रक्कम चळवळीकडे वळवली गेली.

रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, बायकांवर अत्याचार केले. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले होते. शेजारच्या बिदर जिल्ह्यात गोरट्याला मे १९४८ मध्ये मोठे हत्याकांड झाले. सीमेवरच्या तालुक्यांतून लोक वऱ्हाडात, सोलापुरात, खानदेशात पळाले. पेरणीच्या दिवसांत शेते पडीक राहिली.

प्रशासन म्हणून काय बिघडले, ते सांगायला हवे. गश्तीच्या राज्यात अत्याचार होता, पण तो करणारा अधिकारी कोण हे ठाऊक असे, त्याच्या वर कुणीतरी होते. खासगी फौजेला असा कुणी वरचा नसतो. तालुकदाराला रझाकाराला अडवायची हिंमत नव्हती, अमिनाकडे फिर्याद द्यावी तर फिर्यादीचे नाव रात्रीपर्यंत रझाकारांना कळे. राज्याने हिंसेचे काम बाहेर दिले आणि त्याबरोबर स्वतःचा हुकूमही. मुसलमानांतल्या विरोधी आवाजाला तर आता जागाच उरली नाही. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर उघड टीका केली, भारतात विलीन होण्याची बाजू घेतली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा हात तोडून खून झाला. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगताना हे नाव गाळणे म्हणजे रझवीची मांडणी मान्य करणे.

सप्टेंबर आणि नंतर

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. हीच पुढे ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखली गेली. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल शाबूत हाती लागला. तो उडवला गेला असता तर पावसाळ्यात बोरी नदीवर रणगाडे अडले असते. औरंगाबाद, जालना काही दिवसांतच पडले. १७ तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली, १८ ला सेनापती अल इद्रूस यांनी शस्त्रे खाली ठेवली. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाला, जहागिरी संपल्या. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडले.

त्या सप्टेंबरच्या पाठोपाठ खेड्यापाड्यांत आणि मोंढ्याच्या गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांनी रझाकारांचा भाला कधी हातात धरला नव्हता अशी माणसे, विणकर, शेतमजूर, त्यांची मुलेबाळे त्यात मारली गेली. सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ अशी काही आठवडे समिती फिरली. तिचा अंदाज होता की पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणांना मुकली. सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे तिने नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यातले दोन मराठवाड्यातले आहेत. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सर्वसामान्यांना पाहायला मिळू लागला २०१३ मध्ये, पासष्ट वर्षांनी.